हाकेचं नाव

(वालावल. खाडीच्या बांधाला लागून एक जुनं काजूचं शेड. दुपार, भरती चढत आलेली. जाळीच्या दारांच्या खणांमध्ये कुत्री झोपली आहेत, म्हणून सगळे हळू आवाजात बोलतात.)

बाबली : हळू, डॉक्टरबाय, हळू. टेप लावा तुमी, पण तो खटकन् सोडू नका. आत्ताच डोळो लागलो हा त्यांचो.

डॉक्टर : नाही सोडत. लांबी साडेसात फूट, रुंदी पाच. बाबलीकाका, हे दार उघडलंत तर आतली उंचीही घेऊन टाकते.

बाबली : आता नाय उघडूचा. म्हणजे... आता उघडता येणार नाही, मॅडम. इथला तसा नियम आहे.

डॉक्टर : कोणाचा नियम?

बाबली : ह्यांचाच. भरती चढाक लागली की निजतत आणि सुकती लागली की उठतत. पाणी मागे सरला, चिखलाचो वास इलो, की एकेकाचे डोळे उघडतत. मध्येच उठवली तर मग जेवणत नायत. मी स्वतः मालक असून सुद्धा उठवीत नाही.

डॉक्टर : आणि ओहोटी कधी लागणार?

बाबली : आज तिनाच्या सुमाराक.

डॉक्टर : म्हणजे दीड तास. जिल्ह्याच्या समितीनं मला तासाभरात उरकायला सांगितलंय.

बाबली : समितीक सुकतीचा काय ठावक?

डॉक्टर : तेही खरंच. बरं, तोवर वही बघू. कुत्र्यांची पैदास करायची तर नोंदणी लागते, त्यासाठी तुम्ही अर्ज केलात, म्हणून ही तपासणी. एवढं तुम्हाला माहीत आहे ना?

बाबली : सगळं माहीत आहे. पाणी स्वच्छ आहे, पंखा आहे, लसी टोचल्या आहेत. आपण खुशाल तपासा. सकाळी उठान पयला काम ह्यांचा, मगे माजी चाय. वास येता काय बघा. येता?

डॉक्टर : नाही येत. शेड खरंच स्वच्छ ठेवलंय तुम्ही.

बाबली : माणसांच्या हॉस्पिटलात इतक्या स्वच्छ नसता.

सुगंधा : बस गो बायो, उभी कित्या? ही खुर्ची घे. चाय हाडलंय. दूध नाय, कोरीच आसा.

डॉक्टर : चालेल, काकी. कोरीच आवडते मला. आणि बायो म्हणालात ना, बरं वाटलं. कसालच्या आमच्या मावशीनंतर मला कोणी... अरे. ती बघा.

बाबली : काय झाला?

डॉक्टर : त्या पहिल्या खणातली. डोळे मिटलेलेच आहेत, पण शेपूट हलवली तिनं. जमिनीवर दोनदा आपटली.

बाबली : सपान बघता असतली.

सुगंधा : सपनातय आयकता ती.

बाबली : तू जा गो घरात.

सुगंधा : पेलो घेवन जातंय. तिका पिवंदे तर.

डॉक्टर : असू दे, काकी, थांबा. काका, ही कोण? हिचं नाव काय?

बाबली : ही रोझी. पिवळी लॅब्राडोर, बेळगावसून हाडलेली, दोन म्हयन्यांची असताना. कागद आसत तिचे. भायर पाटी बघलास ना, रोझी केनेल? ही तीच. हिच्याच नावार सगळा उभा आसा.

डॉक्टर : आणि ही तिचीच पिल्लं?

बाबली : होय. पाच. चाळीस दिवसांची झाली. बघा कशी एकावर एक पडान निजली हत. दोन पणजीक जातली, एक कोल्हापुराक.

डॉक्टर : रोझी... रोझी...

बाबली : अगो, उठवू नका म्हटलंय ना.

डॉक्टर : उठवत नाही. हळूच हाक मारून बघितली. कानसुद्धा हलला नाही.

बाबली : गाढ निजली हा.

डॉक्टर : हं. वही द्या. ...ही नोंद वेतांची ना? कोणती कुत्री कधी व्याली, किती पिल्लं झाली.

बाबली : होय. एकूण एक वेत लिवलेला आसा. लपवाछपवी नाही.

डॉक्टर : रोझी, वेत पहिलं. रोझी, दुसरं. मग ही बायो, वेत पहिलं. मग परत रोझी. बायो, दुसरं. बायो, तिसरं... म्हणजे रोझीची चार वेतं झाली आणि बायोची चार.

बाबली : बरोबर. नियम पाचांचो आसा. चार म्हणजे आत बसलो.

डॉक्टर : बसलात. पण बायो कुठाय?

बाबली : बायो?

डॉक्टर : हो. वहीतली. शेडात चार मोठी कुत्री मोजली मी. ही रोझी, त्या दोन बीगल, आणि पलीकडे तो काळा कुत्रा. बायो नावाची कोणी सांगितली नाहीत तुम्ही.

बाबली : ती... ती दिली. कसालाक दिली एकाक.

डॉक्टर : कसालला? कोणाला? मावशीच्या गावात निम्मी बाजारपेठ ओळखते मला. नाव सांगा, जाताना बघून जाते.

बाबली : तो... म्हणजे त्येना पुढे आणखी कोणाक दिल्यान असतली.

सुगंधा : चाय निवता गो, बायो.

डॉक्टर : परत. परत शेपूट हलवली. तुम्ही बघितलंत?

बाबली : माशी बसली असतली.

डॉक्टर : काका, ह्या वहीत दोन अक्षरं आहेत. रोझीच्या नोंदी निळ्या पेनानं, तिरक्या. त्या तुमच्या?

बाबली : माज्या. मी घरात आसलंय तर मीच लिवतंय.

डॉक्टर : आणि बायोच्या नोंदी? हे अक्षर फार सुरेख आहे. प्रत्येक 'य'च्या पोटात बारीक गाठ.

सुगंधा : ती मी लिवलंय. हे पिलां पोचवूक गेले की घरात मीच एकटी. सातवीपर्यंत शिकलंय, आरोंद्याच्या शाळेत. तिथल्या बाई 'य' असोच काढूक सांगीत.

डॉक्टर : छान आहे. आणि दोघी कधी एका वेळी व्यायल्या नाहीत. एकीचं झालं की दुसरीचं. जणू ठरवून.

बाबली : आता तो निसर्ग आहे, मॅडम. निसर्गापुढे आपण कोण?

डॉक्टर : असो. काका, आणखी एक सांगायचंय. मी फक्त अर्जासाठी आलेली नाही. एक तक्रारही आली आहे.

बाबली : तक्रार? माज्यावर? कोणी केल्यान?

डॉक्टर : पोस्टकार्ड आहे. वाचून दाखवते. "साहेब, वालावलीच्या शेडात एक पिवळी कुत्री आहे. ती दमली आहे. पिल्लं नेली की आठ दिवस ती भांड्याकडे बघत नाही, दाराकडे बघते. मालक वाईट नाही. पण त्याला ती दिसत नाही. तिला आता पुरे करा. पण साहेब, तिला नेऊ नका." खाली सही. नर्मदा, आरोंदा.

बाबली : मालक वाईट नाय म्हणता? मग तक्रार कित्या करता, मेली?

डॉक्टर : मी नऊ वर्षं हे काम करतेय. सोडवा म्हणणारी पत्रं येतात, घेऊन जा म्हणणारी येतात. नेऊ नका म्हणणारं हे पहिलंच. काल दोनदा वाचलं मी.

बाबली : पण कोण ही नर्मदा? आरोंदा म्हणजे हिचा म्हायार. गो, आरोंद्यात नर्मदा कोण आसा?

सुगंधा : होती एक.

बाबली : होती म्हणजे? मेली?

सुगंधा : मरणा कसला! लगीन झाला तिचा.

बाबली : खंय दिल्यानी?

सुगंधा : हयच. वालावलीक.

बाबली : वालावलीक? आणि माका ठावक नाय? कोणाच्या घरात?

सुगंधा : खाडीच्या बांधार घर आसा. माणसां बरी आसत.

बाबली : बांधार तर आपलाच घर. पुढे दाजींचा, पण दाजींची सून रिया, ती कुडाळची. त्यापुढे नुसते माड. मग ही नर्मदा खंयची?

सुगंधा : तुमी चाय पिया. निवली.

बाबली : चाय काय पिया! गावात राहून कोण माज्या शेडात डोळो घालता, आणि माका पत्तो नाय?

डॉक्टर : काकी, तुम्ही बसा जरा. उभ्याच आहात कधीच्या.

सुगंधा : बसतंय, बायो. हय, दारापाशी बसतंय.

डॉक्टर : बघा, आता पाय हलायला लागले तिचे. चारही.

बाबली : धावता. ह्या वेळेक रोज धावता ती निजेत. पाणी वर इला ना बांधापर्यंत, की चालू.

डॉक्टर : कुठे धावत असेल?

बाबली : खंय म्हणजे? कुत्रो धावतलोच.

सुगंधा : पण धावणा तिना बघल्यान खंय? टोपलीतून इली, ती ह्या खणात. खणातून अंगणात, साखळेक बांधून. अंगणातून परत खणात. आठ वर्सां. ज्येका धावणाच म्हायत नाय, त्येच्या सपनात धावणा इला खंयसून? मी इचार करतंय रोज, हय बसान.

बाबली : सोडलंय असता तर रस्त्यार गेली असती. गाडये आसत, माडांत बिबटो फिरता. मी जपलंय तिका.

सुगंधा : जपलास. नाय कोण म्हणता?

बाबली : गेल्या पावसात पिलां थंडगार पडली तर रात्रभर शेगडी घेवन कोण बसला? ड्रॉपरान दूध कोण घातल्यान?

सुगंधा : तुमीच. म्हणान तर माका तोडून बोलूक जमला नाय. वाईट माणसाक बोलणा सोपा.

डॉक्टर : काकी, ती कुठे धावते ते तुम्हाला ठाऊक आहे, असं वाटतं मला.

सुगंधा : ठावक आसा. मी बघतंय तिका. ती हय निजता तेवा मीय ह्या खांबाक टेकून डोळो मिटतंय. आणि माकाय सपान पडता. एकच, म्हयनोभर झालो.

बाबली : माका कधी सांगूक नाय तू.

सुगंधा : तुमी इचारूक नाय. ...आरोंद्याची खाडी आसा. मी परकरातली, दहा-अकरा वर्सांची. पूल बांधूक नाय अजून, पलीकडे न्हेणारी तर लागलेली आसा काठाक, पण तरीत कोण नाय. पाणी इतक्या गप, की माशान तोंड वर काढल्यान तरी आवाज येता. आणि पलीकडसून ती येता. धावत. पाण्यावरसून. पाय भिजणत नायत तिचे. आणि तिच्या मागसून पिलां. ही पाच नाय हां. सगळी. पणजीक गेलेली, बेळगावाक गेलेली, एक मुंबयेक गेलेला, एक जलमाक येवन पाणी सुदिक पिवक नाय ता. आठ वेतांची सगळी पिलां, पाण्यावरसून. मी मोजूक लागतंय आणि मोजता मोजता जाग येता.

डॉक्टर : आठ?

बाबली : सपनातला मोजणा ता, डॉक्टरबाय. सपनात काय, आठाची ऐंशी होतत.

डॉक्टर : मी काही लिहिलेलं नाही अजून, काका. पेन खाली आहे. काकी, पुढे?

सुगंधा : पुढे काय. जवळ येता, नाक लावता माज्या हाताक. आणि माका नावान हाक मारता.

बाबली : कुत्री? हाक मारता?

सुगंधा : सपनात मारता.

बाबली : काय म्हणता? सुगंधा म्हणता?

सुगंधा : नाय.

बाबली : मगे?

सुगंधा : नर्मदा म्हणता. "नर्मदा, माजी पोरां खंय गो?"

बाबली : नर्मदा कित्या म्हणता तुका? गो, बोल ना. तुका ती नर्मदा कित्या... तांदूळ... ताटात तांदूळ पसरलेले. भटजीन माज्या हातात आंगठी दिल्यान. म्हणालो, लिव बाबली, आजपासून हिचा नाव काय ता लिव. आणि मी लिवलंय.

सुगंधा : होय.

बाबली : बघूक इलंय तेवा तुज्या केसात सुरंगीचो वळेसर होतो. सगळो ओटो घमघमलेलो. म्हणान सुगंधा.

सुगंधा : होय. तुमी पयल्या राती सांगलास माका. बरा वाटला होता.

बाबली : आणि त्या आधी... त्या आधी तुजा नाव...

सुगंधा : नर्मदा.

बाबली : एकतीस वर्सां झाली गो. माका आठवक नाय. तुजा म्हायारचा नाव, आणि माका आठवक नाय.

सुगंधा : नाय आठवूचा, ता माका ठावक होता. आई-बाबा गेले, भाव मुंबयेक. आता त्या नावान हाक मारणारा कोण उरूक नाय. म्हणान तर ताच लिवलंय कार्डार. लपाक त्येच्यापरीस बरी जागा नव्हती.

बाबली : डॉक्टरबाय, तुमका म्हायत होता?

डॉक्टर : वही उघडली तेव्हाच. 'य'ची गाठ कार्डावरही आहे. पण ते सांगायचं काम माझं नव्हतं.

बाबली : घरच्या माणसान तक्रार केल्यान. माज्याच बायलेन, माज्यावर. आता बाजारात तोंड खंय दाखवू मी?

सुगंधा : सांगलंय मी तुमका. सहाव्या वेताक सांगलंय. सातव्याक सांगलंय. तुमी म्हणालास, गप बस, तुका काय कळता. आठव्याक मी सांगूक नाय. पोस्टात गेलंय.

बाबली : अगो, पण तिच्याच पिलांवर आपली तेजू शिकली ना? कोल्हापुराक नर्स झाली ती कोणाच्या जिवार? काजूचो धंदो बसलो तेवा ह्या शेडाक कुलूप लागला होता. हीच पांढऱ्या पायाची... नाय, सोन्याच्या पायाची इली आणि कुलूप निघाला. मी पाटयेर तिचा नाव घातलंय. तुजा घालूक नाय, माजा घालूक नाय. तिचा घातलंय!

सुगंधा : म्हणान तर म्हणतंय. तिना आपल्या चेडवाक शिकवल्यान. आता तिका बसांदे.

बाबली : पण ती खूश आसा. शेपटी हलयता ना माका बघून. दुखी आसती तर हलयल्यान असती?

सुगंधा : मीय हसतंय ना तुमका बघून.

डॉक्टर : काका, पाणी देऊ?

बाबली : नको. ...हळू बोलूया. उठतली ती.

डॉक्टर : हळूच बोलते. ऐका. मला आता पेन उचलावं लागेल. तुमचा जबाब लिहायचा आहे आणि त्यात एकच प्रश्न आहे. रोझी आणि बायो, ह्या दोन कुत्र्या की एक?

बाबली : दोन म्हटलंय तर?

डॉक्टर : तर दुसरी दाखवा. दाखवता आली नाही तर चौकशी लागणार. आणि चौकशी संपेपर्यंत शेडातली सगळी जनावरं निवाऱ्यात हलवायचा आदेश निघेल. हीसुद्धा.

सुगंधा : हिका नेतली?

डॉक्टर : तिचं एकटीचं नाव वगळता येणार नाही मला, काकी. सगळी म्हणजे सगळी.

सुगंधा : पण मी लिवलंय ना, नेऊ नका म्हणान? मी ताच तर मागितलंय. बाकी काय मागूक नाय. ती थंय लादयेर जेवची नाय. भरती खंयसून हाडतले ते तिका? ती निजतली कशी?

डॉक्टर : म्हणून तर विचारतेय.

बाबली : आणि एक म्हटलंय तर?

डॉक्टर : तर आठ वेतं झाली. नियमाच्या तीन जास्त. नोंदणी मिळणार नाही आणि पैदास आजपासून बंद. वहीत खोटं दाखवल्याबद्दल तुम्हाला समितीपुढे उभं राहावं लागेल, ते वेगळं. पण स्वतःहून खरं सांगितलंत, थांबतो म्हणालात, तर मी शिफारस करू शकते. कुत्री घरातच राहू द्यावी, एका माणसाच्या लेखी जबाबदारीवर. तिचं ऑपरेशन करून घ्यायचं, पुन्हा वेत नाही. आणि ते माणूस तुम्ही असणार नाही.

बाबली : शिफारस म्हणजे, होतलाच असा नाय.

डॉक्टर : नाही. पण माझ्या शिफारशी समिती सहसा मोडत नाही.

बाबली : म्हणजे पाटी उतरूची.

डॉक्टर : हो.

बाबली : बापाशीन काजू भाजले ह्या शेडात. मी पिलां वाढवलंय. आता काय वाढवू?

सुगंधा : बघूया. दोगां आसत ना आपण.

बाबली : तू बोलू नको माज्याशी.

सुगंधा : बरा.

बाबली : ...खरा सांगू, डॉक्टरबाय? ह्या लबाडी म्हणान सुरू होवक नाय. कागदार रोझी होता, म्हणान मी रोझी लिवी. ही घरात सगळ्यांका बायो म्हणता. गायीक बायो, मांजरीक बायो, तेजूक बायो. आता तुमका सुदिक. म्हणान ती बायो लिवी. एका कुत्रीची दोन झाली ती आमच्या दोगांच्या हातान. मगे कोणी सांगल्यान पाचांचो नियम आसा. वही उघडलंय, बघतंय तर चार आणि चार. म्हटलंय, देवानच सोय केल्यान.

डॉक्टर : हे लिहू?

बाबली : वायच थांबा. ...बघ गो, पाय थांबले तिचे.

सुगंधा : पोचली असतली.

बाबली : खंय?

सुगंधा : अल्याड.

बाबली : तुका... एक इचारू? त्या तांदळात मी नाव लिवलंय, तेवा तुका वाईट वाटला होता?

सुगंधा : नाव बरा होता. मी तुमका सांगलंय ना, बरा वाटला होता. पण माका कोणी इचारूक नाय. आईन इचारूक नाय, भटजीन नाय, तुमी नाय. दुसऱ्या दिवशी न्हाणयेत पाणी तापयत होतंय, आणि भायरसून सासू हाक मारीत होती, सुगंधा, सुगंधा. मी म्हटलंय, कोण ही सुगंधा, ओ कित्या देणा नाय? मगे ध्यानात इला. तेवा वायच रडलंय. धूर होता, कोणाक कळाक नाय.

बाबली : माका कळाक नाय.

सुगंधा : नाय. ...ही टोपलीतून इली तेवा तुमी म्हणालास, रोझी, रोझी. ही बिचारी तोंड बघी तुमचा. म्हटलंय, हिकाय कोणी इचारूक नाय. म्हणान मी बायो म्हणूक लागलंय. पयल्या हाकेक इली.

बाबली : एकतीस वर्सां मी हाक मारतंय आणि तू ओ देतस. माका वाटला, ताच तुजा नाव.

सुगंधा : ताय माजाच आता. उगाच जिवाक लावन घेव नका.

बाबली : लिवा, डॉक्टरबाय.

डॉक्टर : काय लिहू?

बाबली : एक. एकच आसा. कागदार रोझी, हाकेक बायो. वेतां आठ. मी, बाबली, आजपासून थांबतंय. आणि तिका नेव नका. ह्याय लिवा. दोगांनी सांगल्यानी म्हणान लिवा.

डॉक्टर : लिहिते. ...जबाबदारी कोण घेणार? काकी, तुम्ही?

सुगंधा : मीच. आणखी कोण?

डॉक्टर : नाव काय घालू?

सुगंधा : सुगंधाच घाल. आधार कार्डार ताच आसा.

डॉक्टर : नर्मदा नको?

सुगंधा : नको गो बायो. कागदाक कागदाचा नाव. हाकेचा नाव वेगळा असता, ता लिवन काय करूचा?

डॉक्टर : बघा, आता शेपूट परत हलली. तिसऱ्यांदा. ह्या खेपेला मला कळलं तरी, कोणासाठी ते. ...इथे सही करा, काकी. काका, तुम्ही खाली.

बाबली : पिलांचा काय?

डॉक्टर : अजून दोन-तीन आठवडे आईजवळच राहतील. मग चांगली घरं बघू, मी मदत करते. आणि एखादं तिच्याजवळ ठेवलंत तरी समिती काही म्हणणार नाही.

सुगंधा : एक ठेवया? तिच्याजवळ? ओ, आयकलास?

बाबली : आयकलंय. ...त्या कोपऱ्यातला ठेव. कान वाकडो आसा ता. नायतरी त्येका कोण पसंत करणा नाय होता.

डॉक्टर : वास आला. चिखलाचा. म्हणजे ओहोटी लागली?

बाबली : लागली. बांधाच्या दगडार ओली रेघ बघा, बोटभर खाली गेली. आता उठतली. पयली हीच उठता.

डॉक्टर : डोळे उघडले तिनं. इकडेच बघतेय.

बाबली : साखळी खंय ठेवलंय मी... नको. रवांदे. साखळी रवांदे. पुढचा फाटक लावलेला आसा, माडांच्या बागेत फिरांदे तिका. बघूया, धावता काय.

डॉक्टर : दार उघडता ना, काका? मला आतली उंची घ्यायची राहिलीय.

बाबली : मी नको. ...गो. आयकतस? सुगं...

सुगंधा : काय ओ?

बाबली : नर्मदा. उठली ती. दार तू उघड.

नर्मदा : इलंय.